चढावरचा हात

पहिले आठ महिने मी साधी लोखंडी सायकल चालवत होतो, तेव्हा प्रणयनं मला एकदाही हात केला नाही. दर रविवारी सकाळी पोयनाडच्या अलीकडे आम्ही समोरासमोर यायचो. मी हात वर करायचो. तो आधी माझ्या सायकलकडे बघायचा, मग माझ्या पायांतल्या चपलांकडे, आणि मग सरळ रस्त्याकडे. मला वाटायचं, दमला असेल, लक्ष नसेल.

मग मी कार्बनची, वजनाला हलकी आणि महागडी सायकल घेतली. बाबा मिठागरात राबले, त्यांनी एक ट्रक घेतला, मी त्याचे सहा केले; घेणं जड नव्हतं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली होती, कार्बनची घे असं काही सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी प्रणयनं लांबूनच हात उंचावला. "मॉर्निंग, ब्रो!" म्हणाला आणि चक्क सायकल वळवून माझ्या बाजूला आला. माझं पोट तेवढंच सुटलेलं होतं, दमही तसाच लागत होता. गेल्या आठ महिन्यांतला तो माणूस मीच, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

आता सांगताना मला त्या सगळ्याची किळस येते. त्या दिवशी मात्र मी घरी जाऊन बायकोला, कल्पिताला, हे कौतुकानं सांगितलं होतं.

अशा रीतीनं मी 'किनारा पेडलर्स' या सायकल क्लबमध्ये शिरलो. आम्ही नेहमीचे चार जण. प्रणय आमचा कॅप्टन. आर्किटेक्ट, अलिबागला बंगला. मृणाली पनवेलची दातांची डॉक्टर. अल्पेशचं पेणला टाइल्सचं मोठं दुकान, त्याचा माल माझ्याच ट्रकांतून यायचा. आणि मी, हितेश घरत. चौघांच्या जर्सी एकाच रंगाच्या, समुद्री हिरव्या. मोज्यांची उंचीसुद्धा ठरलेली. माझे मोजे घोट्यापाशी संपायचे, तर प्रणयनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे शाळेतले वाटतात, बदल."

मोज्यांनंतर हात करायला शिकवलं. समोरून कार्बनवाला आला तर अख्खा हात. ॲल्युमिनियमची सायकल असेल तर हँडलवरून दोन बोटं उचलायची. जाड टायरची हौशी सायकल असेल तर हनुवटी थोडी वर. आणि बिनगिअरवाला, डबेवाला, दूधवाला, कामावर जाणारा असेल तर काही नाही.

"का नाही?" मी विचारलं.

"तो सायकलिंग करत नाही," प्रणय म्हणाला. "तो कुठेतरी जातोय."

मृणाली हसली, मग अल्पेश हसला, मग मीही हसलो.

एकदा रेवदंड्याच्या पुलावर पुण्याचा एक ग्रुप भेटला. त्यांच्यामागे सामानाची गाडी होती, गाडीत कोच होता. प्रणयनं अख्खा हात केला. त्यांच्यातल्या एकानंही मान वळवली नाही. आमच्या सायकलींवरून नजर फिरवली आणि निघून गेले. काशीदपर्यंत प्रणय तेच बोलत होता. "काय माज आहे! माणुसकी म्हणून काही असते की नाही? हात करायला काय पैसे पडतात?" नांदगावला आम्ही चहाला थांबलो तरी त्याचं चालूच. तेवढ्यात एक कोळी आजोबा जुन्या सायकलवर मासळीची पाटी बांधून शेजारून गेले आणि हसून "रामराम" म्हणाले. कोणी उत्तर दिलं नाही. प्रणय पुण्याच्या लोकांबद्दल बोलत होता ना.

महिन्यातून एकदा आम्ही लांबची फेरी करायचो. शनिवारी काशीदला मुक्काम, रविवारी पहाटे मुरूडवरून आगरदांडा, तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून दिघी, आणि पुढे बोर्ली पंचतनवरून दिवेआगरला नाश्ता. दिघीहून बोर्लीकडे जाताना एक चढ लागतो. फार लांब नाही, पण पाय भरून येतात. प्रणयच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये त्या चढाची वेळ मोजली जायची. कोण किती मिनिटांत वर गेला, ते सगळ्या जगाला दिसायचं. प्रणयचा नंबर चौथा होता आणि त्याला पहिल्या तिनांत यायचं होतं.

त्या चढावर आम्हाला फकरुद्दीनचाचा भेटायचे.

साठी ओलांडलेला, काटक, पांढऱ्या दाढीचा माणूस. डोक्यावर जाळीची टोपी, पॅन्टचे पाय चिमट्यानं बांधलेले. बोर्लीतल्या भट्टीतून पहाटे पाव, खारी आणि बटर घ्यायचे आणि दिघीपर्यंतच्या वाड्यांवर घरोघर पोचवायचे. सायकलीच्या मागे पत्र्याचा भलामोठा डबा, पुढे रबरी भोंगा. तरुणपणी अकरा वर्षं कुवेतच्या बेकरीत होते, हे पुढे कळलं. आम्ही धापा टाकत चढत असायचो तेव्हा ते उतारावरून यायचे, लांबूनच भोंगा वाजवायचे आणि हात पार डोक्याच्या वर नेऊन म्हणायचे, "सलाम, सायकलवाले!"

पहिल्या वेळी मी मोठ्यानं "सलाम चाचा!" म्हणालो. वर पोचल्यावर मृणाली म्हणाली, "तुझे नातेवाईक का?" प्रणयनं त्यांचं नाव ठेवलं पाव अंकल. पुढच्या महिन्यात मी फक्त मान हलवली. त्याच्या पुढच्या महिन्यात पाण्याची बाटली तोंडाला लावली, म्हणजे मान हलवायला नको. चाचा मात्र दर वेळी तसाच हात करायचे.

जानेवारीतला तिसरा रविवार. थंडी बरी होती, वारा नव्हता. फेरीबोटीतच प्रणयनं सांगितलं, "आज रेकॉर्ड. कोणी थांबायचं नाही, कोणी बोलायचं नाही. अल्पेश पुढे राहून माझा वारा अडवेल, मी त्याच्या मागे, मग मृणाली, हितेश शेवटी." दिघीला उतरलो आणि सुटलो.

चढाच्या शेवटच्या वळणावर चाचा दिसले. सायकलवर नव्हते. समोरच्या बाजूला, गटाराच्या काठाशी बसले होते. एक पाय पुढे पसरलेला. सायकल खाली गटारात आडवी. त्यांनी हात वर केला होता. तोंड उघडं होतं, पण आवाज ऐकू आला नाही. आमचे श्वासच एवढे मोठे होते.

"अरे, पाव अंकल!" प्रणय पुढून ओरडला. "आज बसून सलाम!"

मृणाली हसली. चढावर हसायला दम लागतो, म्हणून ते हसू तुटक तुटक आलं. मला ते नीट आठवतं.

मी शेवटचा होतो. मला त्या तिघांपेक्षा जास्त दिसलं. डब्याचं झाकण रस्त्यावर पडलं होतं. पावाची एक लादी फुटून पाव सगळीकडे विखुरले होते, तांबड्या धुळीत, पार आमच्या बाजूपर्यंत. एक पाव माझ्या चाकाच्या अगदी समोर होता. मी हँडल थोडं डावीकडे घेतलं, पाव चुकवला, परत उजवीकडे घेतलं आणि पुढे गेलो.

जाताना मी त्यांच्याकडे बघितलं. चाचांनीही माझ्याकडे बघितलं. हात अजून वरच होता.

वर पोचल्यावर प्रणयनं मोबाइल काढला आणि ओरडला, "सेकंड! सेकंड आलोय!" अल्पेशनं त्याला मिठी मारली. मी म्हणालो, "तो म्हातारा पडला होता बहुतेक."

"कोण?"

"पाववाला. सायकल गटारात होती."

"हात करत होता की नेहमीसारखा," प्रणय म्हणाला. "पडलेला माणूस हात करतो का?"

"पाव सांडले होते."

अल्पेश म्हणाला, "अरे, लोकांची ये-जा असते. कोणीतरी उचलेल."

"मी डॉक्टर आहे," मृणाली म्हणाली. "सीरियस काही असतं तर मला दिसलं असतं."

दातांची डॉक्टर. हे मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी बोललो नाही. चढ उतरून परत जायला चार मिनिटं लागली असती. तेवढं अंतर पुन्हा चढावं लागलं असतं, हाही विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला सांगू. आम्ही दिवेआगरला गेलो. तिथे घावणे खाल्ले, नारळपाणी प्यायलो, समुद्राकडे पाठ करून फोटो काढले.

परतताना साडेदहा वाजले होते. वळणावर चाचा नव्हते, सायकलही नव्हती. गटाराच्या काठावर दोन कुत्री पाव खात होती. आम्ही उतारावरून भरधाव गेलो.

दिघीला फेरीबोट सुटायला वेळ होता. धक्क्याजवळ सखुबाईची चहाची टपरी आहे. आम्ही बाकावर बसलो. चहा गाळता गाळता ती समोरच्या रिक्षावाल्याला सांगत होती, "कमरेचा हाड मोडलाय म्हनं. पर्यटकांची गाडी आली वळनावरना, फकरूनं सायकल कडेला घेतली न् खडीवरना घसरला. गाडीवाला तसाच गेला. वर तासभर बसला व्हता बिचारा. शेवटी बोर्लीच्या टेम्पोवाल्यानं घातला गाडीत."

"तासभर कोणीच नाय आला?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"आलं की. चार सायकलवालं गेलं समोरना. ह्यो हात करतोय, हात करतोय. कोन थांबलं न्हाय."

तिनं आमच्यासमोर चार कप ठेवले आणि आमच्याकडे बघितलं. आमच्या हिरव्या जर्सी, आमचे मोजे, भिंतीला टेकवलेल्या चार सायकली.

प्रणय म्हणाला, "बापरे! कसे असतात ना लोक." मग मान हलवून, अगदी मनापासून म्हणाल्यासारखं, "त्या पुण्याच्या ग्रुपसारखे कोणीतरी असणार. माणुसकीच नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यावर जराही काही हललं नव्हतं. त्यानं कप उचलला, फुंकर घातली आणि प्यायला. अल्पेश मोबाइलमध्ये बघत होता. मृणाली चष्मा पुसत होती. मीही चहा संपवला, शेवटच्या घोटापर्यंत. सखुबाईनं कप लगेच उचलले आणि आम्ही बसलेलो असतानाच बाकावर पाणी मारून फडकं फिरवलं.

तीन आठवडे मी सायकलला हात लावला नाही. ट्रकच्या कामात लक्ष घातलं. रात्री जेवताना ताटात पाव दिसला तरी बाजूला सारायचो. कल्पितानं दोनदा विचारलं, मी साखरेचं कारण सांगितलं. शेवटी एका बुधवारी गाडी काढली आणि बोर्लीला गेलो. बाजारात विचारलं, घर सापडलं. पुढे छोटं अंगण, पत्र्याची पडवी, पडवीत खाट. चाचा खाटेवर पडले होते, पायांमध्ये उशी. दारात त्यांची बायको, जहुराचाची, तांदूळ निवडत होती.

"कोन पाहिजे?"

"मी हितेश. पेणचा. चाचा ओळखतात मला. सायकलवरून जायचो मी."

तिचे हात थांबले. "सायकलवाले?"

"हो."

"हिरव्या कपड्यांतले?"

मी मान खाली घातली. चाचा खाटेवरून म्हणाले, "येऊ दे गं त्यांना."

मी आत गेलो, खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसलो. माणगावला ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला, असं चाचांनी सांगितलं. दोन महिने चालायचं नाही. भट्टीवाल्यानं पावाची फेरी तोवर दुसऱ्याला दिली होती. ते तक्रार केल्यासारखं बोलत नव्हते. मी तयारी करून आलो होतो, ते वाक्य बोललो, "चाचा, आम्हाला वाटलं, तुम्ही नेहमीसारखा सलाम करताय."

उत्तर चाचीनं दिलं, दारातून. "सलामच समजलात ना?"

"हो, चाची."

"मग सलामाचा जवाब द्यावा लागतो. आमच्यात ते फर्ज हाय, दुश्मनानं केला तरी. तुमच्यात काय सांगितलंय ते मला ठावं न्हाय." तिनं सूप उचललं. "जवाब तरी कुठं दिला तुमी?"

उशिराचं, अर्धवट का होईना, खरं बोलायची तीच वेळ होती. रस्त्यावर पाव दिसले होते, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "लक्षातच आलं नाही हो." आणि निघालो. गाडीत बसल्यावर आरशात तोंड दिसलं तर बघवेना. टपरीवर प्रणयचं तोंड होतं, तसंच माझं झालं होतं.

मी जाऊन आलो हे अल्पेशला सांगितलं, तिथेच चुकलो. त्यानं प्रणयला सांगितलं. संध्याकाळी प्रणयचा फोन आला.

"हितेश, ग्रेट केलंस! आपण सगळेच जाऊ. त्यांना हेल्मेट देऊ. रस्ता सुरक्षेचा उपक्रम. मी बॅनर करतो."

"हेल्मेट कशाला? त्यांचा खुबा मोडलाय."

"अरे, मेसेज महत्त्वाचा. गावातल्या सायकलवाल्यांपर्यंत मेसेज गेला पाहिजे."

नको म्हणायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तू यायलाच हवंस, घर तुलाच माहीत आहे." मी गेलो. मी गेलो नसतो तरी ते गेले असते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

रविवारी अकरा वाजता आम्ही चौघं त्या अंगणात उभे होतो, हिरव्या जर्सीत. शेजारपाजारची माणसं जमली. प्रणयनं पडवीच्या दोन खांबांना बॅनर बांधला. त्यावर आमचं नाव मोठं, चाचांचं नावच नव्हतं. 'आपले सायकलस्वार बांधव' एवढंच लिहिलं होतं. चाचांना उशीला टेकवून बसवलं. बसताना त्यांनी दात आवळले. प्रणयनं लाल हेल्मेट त्यांच्या जाळीच्या टोपीवरच चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला. पट्ट्यात दाढी अडकली. तो सोडवायला वाकला नाही, मागे सरकून फोटो नीट येतोय का ते बघत राहिला.

खाटेवर, लुंगीत, पायांमध्ये उशी घेतलेला तो म्हातारा माणूस आणि डोक्यावर लाल हेल्मेट. मी आयुष्यात इतकं घाणेरडं काही बघितलं नाही. गटारं बघितलीत, मेलेली जनावरं बघितलीत.

अल्पेश मोबाइल धरून उभा राहिला. प्रणय चाचांच्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागला. "मित्रांनो, रस्त्यावरचा प्रत्येक सायकलस्वार हा आपल्या कुटुंबाचा भाग आहे. चाचांच्या डोक्यावर त्या दिवशी हेल्मेट असतं तर..."

"हेल्मेट काय कमरेला बांधायचं व्हतं?" जहुराचाची म्हणाली.

शेजाऱ्यांमध्ये कोणीतरी हसलं. प्रणय थांबला. "हे कापू," अल्पेशला म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून, "मित्रांनो..."

मी पुढे गेलो. ठरवून काही गेलो नव्हतो. खाटेजवळ खाली बसलो आणि चाचांच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला. दाढीचे दोन केस तुटून माझ्या बोटांत आले. मी म्हणालो, "चाचा, मी परवा खोटं बोललो. मला रस्त्यावर पाव दिसले होते. तुम्ही पडलाय हे मला कळलं होतं. माझ्या चाकासमोर एक पाव आला, तो चुकवून मी पुढे गेलो. वर पोचल्यावर ह्यांना सांगितलं. मग आम्ही चौघं नाश्त्याला गेलो."

"हितेश!" प्रणय म्हणाला. "अल्पेश, बंद कर ते."

चाचांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "तुमी माझ्याकडं बघितलंत. माणसानं बघितलं की कळतं. परवा तुमी आलात, मी वाट बघितली, बोलतील म्हणून. न्हाय बोललात."

"चुकलं, चाचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मृणालीकडे बघितलं. "बाई, तुमी हसलात. कमर मोडली ते दुखणं व्हतंच. पण मी हात करून बसलोय आणि बाईमाणूस हसतंय, हे ज्यादा दुखलं. झोपेत आयकू येतं."

मृणालीचा चेहरा लालबुंद झाला. ती म्हणाली, "मला वाटलं..." ती वळून अंगणाबाहेर गेली, सायकलपाशी जाऊन उभी राहिली.

"हे बघा चाचा, गैरसमज झालाय," प्रणय म्हणाला. "आम्ही चांगल्या भावनेनं..."

"हां, हां," चाचा म्हणाले. त्यांना दम लागला होता. "आता जावा तुमी. मला झोपवा कोनीतरी."

मी आणि एका शेजाऱ्यानं त्यांना झोपवलं. चाचीनं बॅनरच्या दोऱ्या सोडल्या, घडी घातली आणि हेल्मेटबरोबर प्रणयच्या हातात दिला. "ह्ये पन न्या," एवढंच म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर प्रणय माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "तू क्लबची इज्जत काढलीस. खेडवळ ते खेडवळच. कार्बनची सायकल घेतली म्हणून कोणी सायकलिस्ट होत नाही."

मी त्याचं बोट बाजूला केलं. मारावंसं वाटलं, पण बोट बाजूला केलं तेवढंच. ते तिघं दिघीकडे निघाले. मी बाजारात एक टेम्पो बघितला, सायकल त्यात टाकली आणि टेम्पोतून घरी पेणला आलो.

संध्याकाळी क्लबच्या पानावर तो फोटो आलाच. आधीचा, हेल्मेटचा. चाचा उशीला टेकून, दात आवळलेले, ते दुरून हसल्यासारखं दिसत होतं. खाली लिहिलं होतं, 'रस्त्यावरचा प्रत्येक हात मैत्रीचा.' शेकडो लोकांनी आवडल्याच्या खुणा केल्या होत्या. त्यात पुण्याच्या त्या ग्रुपचीही होती. प्रणयनं त्यांना आवर्जून आभार लिहिले होते.

मी फोटोखाली लिहिलं, "हे गृहस्थ पडलेले असताना आम्ही चौघं थांबलो नाही." दहा मिनिटांत ते पुसलं गेलं. मी पुन्हा लिहिलं. मग मला तो फोटो दिसेनासा झाला, ग्रुपही दिसेनासा झाला. अल्पेशचा फोन आला. "कशाला वाढवतोस, हितेशभाई? आपले धंद्याचे संबंध आहेत. विसरून जा ना." मी नाही म्हणालो. पुढच्या महिन्यापासून त्याचा माल दुसऱ्याच्या ट्रकमधून यायला लागला.

हे सगळं मी कल्पिताला सांगितलं, पहिल्यापासून. प्रणय कसा, मृणाली कशी, अल्पेश कसा. टपरी, बॅनर, हेल्मेट. सांगता सांगता माझा आवाज चढला. ती भाजी चिरत ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "त्यांचं सगळं सांगितलंस. पण पाव दिसले होते ते तुला, त्यांना नाही. तू का नाही थांबलास?"

मी म्हणालो, "मी शेवटचा होतो. मागे पडलो असतो."

मी जे बोललो ते माझ्याच कानांवर पडलं, आणि मी उठून मोरीत गेलो, तोंड धुतलं.

त्यानंतरच्या मंगळवारी चाचांना एक्स-रेसाठी श्रीवर्धनला न्यायचं होतं. हे मला त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं. त्या दिवशी त्याचा नंबर घेऊन ठेवला होता. मी गाडी घेऊन सकाळी आठला दारात उभा राहिलो. चाची बाहेर आली, गाडी बघितली, मला बघितलं. नको म्हणेल असं वाटलं. पण रिक्षात चाचांना बसता येत नव्हतं, आणि ते तिलाही माहीत होतं.

"मागचं दार उघडा," ती म्हणाली.

आम्ही चाचांना आडवं करून मागच्या सीटवर घेतलं. ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्ता खराब होता, मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवत होतो. चाचा एकदोनदा कण्हले, तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबलो, आणि चाचीनं "चला" म्हटल्यावर पुन्हा निघालो. दवाखान्यात रांग होती. तिथे चार तास गेले. आम्ही तिघं एकाच बाकावर होतो. चाचा डोळे मिटून पडलेले, चाची जपमाळ ओढत होती. तिनं डबा आणला होता. तिनं खाल्लं, चाचांना भरवलं.

परत आल्यावर त्यांना खाटेवर निजवून मी दारात उभा राहिलो. चाचीनं पुढच्या एक्स-रेची तारीख सांगितली. मग ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. तिनं मला पाणी विचारलं नव्हतं. मी मागितलंही नाही.